गाडी उभी असताना पडते

गेल्या ऑगस्टमध्ये आण्णा गाडीवरून पडले. आईचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. "काही झालेलं नाही, घाबरू नकोस," अशी तिनं सुरुवात केली, त्यामुळे मी ताबडतोब घाबरलो.

मी गगनबावड्याचा. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पंचावन्न किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला बसलेल्या आमच्या गावात पाच हजार मिलिमीटर ओलांडणारी वर्षं नवीन नाहीत. गावापुढे रस्ता फुटतो. एक फाटा करूळ घाटानं आणि दुसरा भुईबावडा घाटानं खाली कोकणात उतरतो. पावसाळ्यात धुकं एवढं असतं की समोरच्या एसटीचे दिवे दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू येतो. या रस्त्यांवर माझे वडील चाळीस वर्षं मोटरसायकल चालवत आले. त्यामुळे 'आण्णा पडले' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोरून वळण, दरड, ट्रक, दरी असं सगळं सरकून गेलं.

प्रत्यक्षात ते दूध संस्थेसमोर पडले होते. गाडी थांबलेली होती. त्यांनी नेहमीसारखा डावा पाय टेकवला, तो शेवाळलेल्या फरशीवर पडला, गुडघ्यानं साथ दिली नाही आणि स्प्लेंडर हळूहळू कलंडली. आई मागे बसली होती. तिनं हात टेकवला आणि मनगटाचं हाड चिरकलं. आण्णांचा घोटा सुजला. एक किटली दूध सांडलं. वेग शून्य.

त्या रात्री मी गगनबावड्याला पोचलो तेव्हा आण्णा पाय उशीवर ठेवून बसले होते. आईच्या हाताला प्लॅस्टर होतं. कुणीच काही बोलत नव्हतं. मग आण्णाच म्हणाले, "घाटात कधी पडलो न्हाई. डेअरीसमोर पडलो. लोकं बघत होती." घोट्यापेक्षा त्यांना त्याचंच जास्त लागलं होतं.

आण्णा आता एकोणसत्तर वर्षांचे आहेत. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांनी नोकरी केली. कागदावर पर्यवेक्षक, पण गावोगावी सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. १९८४ साली त्यांनी येझदी रोडकिंग घेतली. ज्यांनी येझदी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिची किक आणि गिअर हा एकच दांडा. किक मारायची, मग तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा. म्हैसूरच्या कारखान्यात बनायची ती. १९९६ साली तो कारखाना बंद पडला आणि त्यानंतर सुटे भाग शोधणं हा आण्णांचा दुसरा व्यवसाय झाला. त्या गाडीवर औषधांची पेटी बांधून ते धनगरवाड्यांपर्यंत जायचे. म्हैस अडली म्हणून रात्री दोन वाजता कुणी दार वाजवलं की मी अंथरुणातून येझदीचा आवाज ऐकायचो आणि परत तोच आवाज ऐकू येईपर्यंत आई जागी असायची, हे मला फार उशिरा कळलं. येझदी अजून गोठ्याशेजारच्या पडवीत आहे. रोजच्या वापराला स्प्लेंडर.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरात संकट आलं की मी एक्सेल शीट उघडतो. यावेळीही उघडली. पाच पर्याय लिहिले: आहे तीच गाडी, हलकी स्कूटर, साइड व्हील लावलेली स्कूटर, मागची बाजू पूर्ण बदलून केलेली तीनचाकी, आणि गाडी बंद. प्रत्येकाला सुरक्षितता, खर्च, सोय असे गुण दिले. 'गाडी बंद' पहिली आली.

आण्णांनी चष्मा लावून माझ्या फोनवर ती शीट शांतपणे पाहिली. "गाडी बंद केल्यावर रोज सकाळी संस्थेत दूध कोण घालणार, तो रकाना कुठं हाय?" त्यांनी विचारलं. तो रकाना नव्हता. बँकेचा नव्हता, दवाखान्याचा नव्हता आणि संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर जाण्याचाही नव्हता. गाडी बंद केल्यानं ज्याची काळजी मिटणार होती तो माणूस पुण्यात होता. शीट त्याच्यासाठीच केलेली होती.

डिसेंबरात मी आठवडाभर घरून काम करायला आलो. आण्णांचा घोटा बरा झाला होता आणि ते पुन्हा स्प्लेंडर चालवत होते, एकटेच. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चहाच्या गाड्यावर गेलो. तिथं बसणाऱ्या सगळ्यांचं वय पासष्टच्या पुढचं आणि सगळे एकेकाळचे गाडीवाले. मला वाटलं होतं की हा प्रश्न फक्त आमच्या घरात आहे. तिथं तो प्रत्येकाच्या घरात निघाला.

एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. अर्धांगवायूनंतर त्यांची डावी बाजू थोडी अशक्त राहिली, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्कूटरला साइड व्हील लावून घेतली. ते म्हणाले, "पयला महिना पाय खाली टाकायचा न्हाई हे शिकण्यात गेला. थांबलं की पाय आपोआप खाली जातोय. एकदा माझंच मागचं चाक माझ्याच पायावरनं गेलं." एक मास्तर होते. मुलानं आग्रह केला म्हणून त्यांनी बुलेट विकली. "तेव्हापासून मी लोकांच्या सवडीनं बाहेर पडतो," एवढंच ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. तिसरे ऊसवाले काका, वय चौऱ्याहत्तर, अजून दोन चाकांवर. त्यांचं म्हणणं, "साइडची चाकं लावली की लोकं थांबून रस्ता देत्यात. मला त्येच नको वाटतंय."

आण्णा काही बोलले नाहीत. परत येताना मला म्हणाले, "आणि ती तीनचाकी न्हवंच. पुढं एक, मागं एक आणि बाजूला दोन. चार झाली." हिशोब बरोबर होता. आपल्याकडे लोक तिला सरसकट तीनचाकी म्हणतात, पण साइड व्हीलच्या किटमध्ये मूळ मागचं चाक तसंच राहतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाकं येतात.

दुसऱ्या दिवशी मी त्या ड्रायव्हरकाकांची गाडी मागून घेतली आणि असळजच्या दिशेनं निघालो. सरळ रस्त्यावर मजा आली. थांबलो तरी गाडी उभी. मनात म्हटलं, झालं, प्रश्न सुटला. मग एक डावं वळण आलं. मी सवयीनं डावीकडे झुकलो. मी झुकलो, गाडी झुकली नाही. ती सरळ उजवीकडे, समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरच्या दिशेनं निघाली. ब्रेक दाबून कशीबशी थांबवली. ट्रॅक्टरवाल्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

इंजिनिअरिंगला हे शिकलो होतो, पण पेपर लिहून विसरलो होतो. दुचाकी वळते ती झुकून. वेगात असताना डावीकडे वळायचं तर आपण डावं हँडल किंचित पुढे ढकलतो, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. हे कुणी शिकवत नाही. सायकल शिकताना अंगात मुरतं आणि आयुष्यभर आपल्याला पत्ताही नसतो. आधाराची चाकं लावली की गाडी कलू शकत नाही. तेव्हा डावं हँडल पुढे ढकललं तर गाडी उजवीकडेच जाते. नवशिक्याला हा त्रास कमी. ज्याचे हात चाळीस वर्षं एकच गोष्ट करत आलेत, त्याला सगळ्यात जास्त.

घरी येऊन मी पुन्हा आकडेमोड केली, यावेळी एक्सेलशिवाय. घाटातलं पंधरा मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी तीस किलोमीटरनं दुचाकी तिथं साधारण पंचवीस अंश कलून निघून जाते. न कलणाऱ्या गाडीला कलंडण्यापासून वाचवतात फक्त तिची रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची. पुढे एकच चाक असल्यामुळे मागच्या रुंदीचा पूर्ण उपयोगही होत नाही. माझ्या अंदाजी मापांनी सत्तावीस-अठ्ठावीसच्या वेगाला आतलं चाक उचलायला लागतं. रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता असेल तर त्याहूनही आधी. वीसच्या वेगानं मात्र ती बऱ्यापैकी निर्धास्त जाते. म्हणजे दोन चाकांची गाडी उभी असताना पडते आणि साइड व्हीलची गाडी वळणावर. माणसानं ठरवायचं ते एवढंच की आपलं पडणं कुठं जास्त शक्य आहे.

शिवाय खड्डे. दुचाकी एका रेषेत जाते, खड्डा चुकवता येतो. मागं तीन चाकं शेजारी शेजारी असली की तीन रेषा लागतात आणि पावसाळ्यानंतरच्या आमच्या रस्त्यावर तीन चांगल्या रेषा एकदम मिळणं कठीण. साइडपट्टी खचलेली असेल तर दोन्ही बाजूची चाकं उंचावर टेकतात, मधलं इंजिनचं चाक अधांतरी फिरत राहतं आणि गाडी जागच्या जागी घोंघावते. चांगल्या किटला स्प्रिंगा असतात, त्यानं हे कमी होतं, पूर्ण जात नाही.

जगात यावर उपाय निघालेले आहेत. पियाजिओनं २००६ मध्ये एमपी-थ्री आणली, यामाहानं २०१८ मध्ये निकेन. दोन्हींना पुढे दोन चाकं आहेत आणि ती दुचाकीसारखी कलतात. हार्ले डेव्हिडसनची मागे दोन चाकांची ट्राय ग्लाइड तिकडे निवृत्त मंडळी हौसेनं घेतात. मी आण्णांना व्हिडिओ दाखवले. त्यांनी निकेन निरखून पाहिली आणि विचारलं, "हिचा मिस्त्री कुठं?" आपल्याकडच्या शोरूममध्ये या गाड्या मिळतच नाहीत, त्यामुळे मिस्त्रीचा प्रश्न पुढचा.

मग कायदा वाचला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या वर्णनाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला त्यात वाट आहे. अशा गाडीला पूर्वी कायद्यातच 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे. २०१९ च्या दुरुस्तीत तो शब्द काढून 'अडॅप्टेड व्हेइकल' आणला, हे एक बरं झालं. पण नुसतं म्हातारं होणं कायद्याच्या कुठल्याच खणात बसत नाही. अपंग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात वय नाही. लायसनचंही तसंच. पंचावन्न वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र. त्या फॉर्ममध्ये नजर, ऐकू येणं, हातापायांतलं व्यंग विचारतात. शेवाळलेल्या फरशीवर एका पायानं एकशे बारा किलोची गाडी आणि मागे बसलेलं माणूस किती सेकंद तोलता येईल, हा प्रश्न नसतो. तो आपला आपणच विचारायचा.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगत होतो. आण्णांना ते फार आवडलं. माझ्या आकडेमोडीतून त्यांना हवं तेच निघत होतं. "बघ, मी म्हणत होतो. घाटात असली गाडी म्हणजे जीवाशी खेळ. दोन चाकंच बरी."

मी म्हणालो, "आण्णा, पण तुम्ही पडला ते घाटात नव्हे."

"एकदाच पडलोय."

आई भाकरी वाढत होती. तिचा उजवा हात अजून भाकरी थापताना दुखायचा. त्या आठवड्यात माझ्या एक लक्षात आलं होतं. ती साळवणला बचत गटाच्या मीटिंगला वडापनं गेली होती. अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभी राहून, जीपमध्ये दाटीवाटीनं. आण्णांना विचारलं तर ते म्हणाले होते, "तिला आता गाडीवरचं गार वारं सोसत न्हाई." मला ते पटलंही होतं.

आई भाकरीची पाटी खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही दोघं चालवणाऱ्याचंच बोलताय. मागं बसणारं माणूस तुमच्या हिशोबात हाय का?"

दोघंही गप्प.

"मला वाऱ्याचं काही न्हाई झालं. मला भ्या वाटतं. गाडी थांबायला आली की माझ्या पोटात गोळा येतो. आणि मी मागं बसले की ह्यांचे खांदे कसे ताठ होतात ते मला कळतंय. हे पण भितात. बोलत न्हाईत." मग जरा थांबून म्हणाली, "चार म्हैने झाले मी बसले न्हाई. इचारलं का कुणी?"

आण्णा ताटाकडे बघत राहिले. माझ्या शीटमध्ये पाच पर्याय होते, तीन निकष होते, आणि मनगट मोडलेल्या माणसाला मी एक शब्द विचारला नव्हता. आई गाडी चालवत नाही, म्हणून गाडीचा निर्णय तिचा नाही, असं आम्ही न बोलता धरून चाललो होतो. चाळीस वर्षं ती त्या गाडीच्या मागे बसली किंवा त्या गाडीची वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा मला न सांगता एसटीनं कोल्हापूरला गेले. संध्याकाळी आले ते किट बसवणाऱ्या एका मिस्त्रीकडचे कागद आणि एका हाडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. पुढचे दोन-तीन महिने त्यातच गेले. गुडघ्याचं प्रमाणपत्र, आरटीओत अर्ज, सेकंडहँड स्कूटर, किट, तपासणी, आरसी बुकात नोंद. मिस्त्री म्हणत होता की नोंदीचं कोण बघतंय, आधी चाकं लावून घ्या. मीच अडून बसलो. नोंद नसेल तर उद्या काही झाल्यावर विम्याचा दावा अडू शकतो, आणि या घरात पुन्हा काही होणारच नाही असं धरून चालण्याचा शहाणपणा आता कुणाकडेच उरला नव्हता.

मार्चमध्ये मी पुन्हा गेलो, शिकवायला. म्हणजे ज्या माणसानं मला पेट्रोलच्या टाकीवर बसवून पहिल्यांदा हँडल धरायला दिलं, त्याला. गावाबाहेरच्या माळावर रिकाम्या दुधाच्या किटल्या मांडल्या आणि त्यांच्यामधून वळणं घ्यायची. पहिल्याच वळणावर आण्णांनी हँडल उलटं ढकललं आणि किटली चेपली. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्यांदा ते उतरले आणि दूर जाऊन उभे राहिले. मला पाठ दिसत होती. चाळीस वर्षं जे हात बघून लोक 'डॉक्टर धुक्यातपण येतात' म्हणायचे, ते हात चुकत होते. मी काही बोललो नाही. पाच मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, "हे बैलगाडीसारखं हाय. जिकडं जायचं तिकडंच तोंड करायचं. आपण उगाच मोटरसायकल समजतोय." त्यानंतर किटली पडली नाही.

नियम त्यांनी स्वतः घातले. घाटात ही गाडी न्यायची नाही. वळणावर वीसच्या वर नाही. मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की गाडी दारात. कोकणात बहिणीकडे जायचं तर एसटीनं. दोघांनाही अर्धं तिकीट, त्यांना पासष्टच्या पुढचे म्हणून आणि आईला बाई म्हणून. स्प्लेंडर चुलतभावाला दिली. येझदी विकली नाही. रविवारी ते ती मेन स्टँडवर चढवतात, किक मारतात, धुराचा लोट सोडून पाचेक मिनिटं आवाज ऐकतात आणि बंद करतात. 'चालवणार नाही' असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही. आईही विचारत नाही.

हा निर्णय बरोबर की चूक, हे मला अजून सांगता येत नाही. ऊसवाल्या काकांसाठी तो चूकच असेल. त्यांच्या शेतावर जाणारी वाट एका चाकापुरतीच आहे आणि त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. आणि साइड व्हीलची गाडी कधी पडणार नाही असंही नाही. ती कशी पडते ते आता आण्णांना माहीत आहे, एवढंच. पहिला महिना ते चहाच्या गाड्यावर गाडी लांब लावून चालत जायचे. आता समोरच लावतात. मास्तर कधीकधी त्यांच्या मागे बसून घरी जातात.

गेल्या आठवड्यात मी एसटीतून उतरलो तर आण्णा स्टँडवर न्यायला आले होते. आई दूध घेऊन संस्थेत उतरली होती, तिला वाटेत घ्यायचं होतं. "बस मागं," ते म्हणाले. रस्ताभर ते इतक्या सावकाश चालवत होते की एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. संस्थेसमोर गाडी थांबायला आली आणि मी सवयीनं आधारासाठी डावा पाय खाली सोडला.

"पाय वर घे!" आण्णा ओरडले. "चाक जाईल पायावरनं. शिकवलं न्हाई का कुणी?"

मी पाय वर घेतला. गाडी थांबली आणि उभी राहिली. आई किटली घेऊन पायरीवर उभी होती. ती आली, मला खाली उतरवलं आणि माझ्या जागेवर बसली. घर अर्ध्या किलोमीटरवर आहे. मी चालत गेलो.